लाउंजमामांचा पहिला मान

आमचे लाउंजमामा एका डिसेंबरात त्रिचीहून सिंगापूरला गेले आणि त्याच विमानानं परत आले. तिथे त्यांचं काम नव्हतं, कोणाला भेटायचंही नव्हतं. विमानतळाच्या बाहेर त्यांनी पाऊलसुद्धा टाकलं नाही. मामीनं बांधून दिलेला दहीभात तिथल्या लाउंजच्या गुबगुबीत खुर्चीत बसून संपवला, वर दोन घोट पाणी प्यायले आणि परतीच्या विमानात जाऊन बसले. मी तेव्हा पुण्याहून सुट्टीला कुंभकोणम्‌ला आले होते. ऑटोतून उतरणाऱ्या मामांना मी दारातच विचारलं, "मामा, गेला होतात कशाला?" चपला काढता काढता ते म्हणाले, "कार्ड राखाया." मामी आतून म्हणाली, "डबा धुवून आणट्लां की तसाच?"

हे कार्ड म्हणजे विमान कंपनीचं. सारखा प्रवास करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते मिळतं आणि त्याच्या पायऱ्या असतात: साधं म्हणजे बेसिक, मग सिल्व्हर, मग गोल्ड, आणि सगळ्यांत वर प्लॅटिनम. वर्षात ठरलेला प्रवास भरला नाही तर माणूस एक पायरी खाली घसरतो. त्या वर्षी मामांचा एक प्रवास कमी पडत होता. शहाण्या माणसानं 'जाऊ दे' म्हटलं असतं. आमच्या मामांनी आकाशात एक प्रदक्षिणा घातली. पुण्याला ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, असं करणारे जगात पुष्कळ असतात. असतील, पण ते माझे मामा नव्हेत ना!

मामांचा धंदा देवांचा. स्वामीमलैच्या कारागिरांकडून पंचधातूच्या मूर्ती घडवून घ्यायच्या आणि परदेशातल्या देवळांना पोचवायच्या. मोठे देव जहाजानं जात. उत्सवमूर्ती मात्र मामा स्वतः घेऊन जात. सिंगापूर, मलेशिया, कधी त्याही पलीकडे. त्यामुळे शेजारच्या साक्कोट्टैच्या पुढे सहसा न जाणाऱ्या आमच्या घराण्यात हा एकच माणूस सतत विमानात. आम्ही मराठा राजांच्या काळात तंजावरकडे आलेले लोक. घराबाहेर तमिळ आणि घरात मराठी. पण ती मराठी अशी की माझ्या पुण्याच्या सासूबाईंना वाटतं, मी बखर वाचून दाखवते आहे. मामांच्या बोलण्यात तर अर्धी बखर आणि अर्धा विमानतळ.

त्या कार्डाबरोबर बॅगेला अडकवायचा एक चकचकीत बिल्ला येतो. मामांनी तो प्रवासाच्या बॅगेला कधी लावलाच नाही, कारण ती बॅग विमानाच्या पोटात जाते, तिथे बघणार कोण? तो असायचा त्यांच्या भाजीच्या कापडी पिशवीला. बाजारात वांगी निवडताना तो बिल्ला वांग्यांवर लोंबकळत राही. विड्याची पानं विकणारी म्हातारी एकदा म्हणाली, "सामी, किल्ली हरवेल तुमची." मामांनी तिला तिथेच उभं राहून तमिळमध्ये प्लॅटिनमचे फायदे समजावले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि पानं नेहमीच्याच भावानं दिली. मामा घरी येऊन म्हणाले, "बाई चांगली अहे. गोल्ड अहे."

कारण माणसांनाही ते पायऱ्या लावत. बँकेतला शेजारी गोल्ड. न सांगता जेवायला येणारा आतेभाऊ सिल्व्हर, आणि तोही खाली घसरायच्या बेतात असलेला. मी लग्न करून पुण्याला गेले आणि वर्षातून एकदाच यायला लागले तेव्हा मला सरळ सांगितलं, "सुधे, तू अतां बेसिक." मी रागावून दुसऱ्याच सुट्टीत पंधरा दिवस राहिले. जाताना म्हणाले, "सिल्व्हर झालीस. राख." असे मामा प्रत्येक घराण्यात एखादे असतातच, लग्नात पंगतीच्या कडेला उभे राहून सगळ्यांना नावं ठेवणारे आणि नंतर सगळ्यांची पानं वाढली की नाही ते बघणारे. आमचे फक्त विमानातून येत-जात.

"पण मिळतं काय त्यात?" असं मी एकदा तावातावानं विचारलं. मामा खुशीत आले. पहिलं म्हणजे सामान जास्त नेता येतं, आणि देव वजनदार असतात. दुसरं म्हणजे लाउंज. तिथे जगातले सगळे पदार्थ मांडलेले असताना मामा दहीभात खायचे, ते सोडा. तिसरं खरं. एकदा चेन्नईत पावसानं विमानं रद्द झाली. काउंटरवर लोक एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मलेशियात मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त आणि गणपती मामांच्या मांडीवर. पहिल्या निघालेल्या विमानात जी एक जागा उरली होती ती मामांच्या कार्डाला मिळाली. "गणपतीस मिळाली नाहीं," मामा डोळे मिचकावून म्हणाले, "मज मिळाली. तो माझ्या वशिल्यानें गेला."

मी म्हटलं, हे सगळं पैसे टाकून मिळतं की. वरच्या वर्गाचं तिकीट काढा, कोणीही सलाम करील. मामा एकदम गंभीर झाले. म्हणाले, "देवळांत विशेष दर्शनाचें तिकीट असतें. तें काढलें तर रांग चुकते, खरें. पण कोणी नांव घेतें काय? पहिला मान वेगळा. तो विकत येत नाहीं गे. तो राखावा लागतो." मला ते दिखाऊपणाचं समर्थन वाटलं आणि मी तसं बोललेही. मामी कोपऱ्यात बसून फुलं ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

पहिल्या मानाचं हे प्रकरण आमच्या घरात जुनं आहे. गावात आमच्या लोकांचा एक लहानसा विठ्ठलाचा मठ आहे. उत्सवाच्या शेवटच्या दिवशी भजन संपलं की एका घराचं नाव मोठ्यानं पुकारतात. त्या घरच्या सुनेनं आरतीचं तबक घेऊन पुढे जायचं, हार आणि तीर्थ पहिल्यांदा तिला मिळतं. आणि रीत अशी, की तो मान डोळ्यांना लावून तिनं लगेच मागे फिरायचं आणि प्रसादाच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं. ज्याला पहिला मान, त्याला शेवटचा घास. पिढ्यान्‌पिढ्या हा मान आमच्या आजोळचा होता. पुढे भाऊबंदकी झाली आणि तो थोरल्या घराकडे गेला.

बाकीचं मला आईनं सांगितलं. ज्या वर्षी मान गेला, त्या वर्षी मामी नवी सून होती. तिला कोणी काही बोललंच नाही. ती घरच्या रीतीप्रमाणे तबक घेऊन पुढे झाली आणि नाव पुकारलं ते थोरल्या घराचं. थोरल्या घरचे काका भर सभेत म्हणाले, "मागें जा." शे-दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत ती सजवलेलं तबक घेऊन पुढून मागे चालत गेली. त्या दिवसापासून मामीनं मठाची पायरी चढणं सोडलं. हे ऐकून मला धक्का बसला, कारण मामीच्या तोंडून मी त्याबद्दल आयुष्यात अवाक्षर ऐकलं नव्हतं. ती घरीच विठ्ठलाला फुलं वाहायची आणि मामांना डबा करून द्यायची. विमानात मात्र कधी बसली नाही. विचारलं तर म्हणायची, "मज काय करायाचें तेथें? दहीभात घरीं अहे."

आणि मग एके दिवशी मामांचा पुण्याला फोन आला. आवाज कापत होता. मी घाबरले, या वयाच्या माणसाचा असा फोन आला की आधी वाईटच मनात येतं. ते म्हणाले, "सुधे, मामीचें कार्ड आलें." मला काही कळेना. तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं. लागोपाठ काही वर्षं प्लॅटिनम राखलं, एकही वर्ष न चुकवता राखलं, तर आपल्या घरातल्या एका माणसाला तसंच कार्ड देता येतं. त्याच्या स्वतःच्या नावाचं. मधे एक वर्ष चुकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. डिसेंबरातली ती प्रदक्षिणा त्यासाठी होती. भाजीच्या पिशवीवरचा बिल्ला, माणसांना लावलेल्या पायऱ्या, हा सगळा तमाशा चालू असताना हा माणूस मनात एकच गोष्ट धरून बसला होता. आपल्या बायकोचं नाव सगळ्यांच्या आधी कोणीतरी पुकारावं. इतकी वर्षं मी त्यांना दिखाऊ म्हणत होते.

मामीनं कार्ड देवापुढे ठेवलेलं मी नंतर पाहिलं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, पण ते मामांनी. मामी म्हणाली, "येवढासा तुकडा. ह्यासाठीं हे आकाशांत हिंडत होते." तरी ती यायला तयार झाली. सिंगापूरच्या एका देवळात मामांनी दिलेल्या मूर्तीची प्रतिष्ठा होती, आणि "सुधी संगट आली तर येतें" एवढीच तिची अट. तेव्हा मीही निघाले, माझ्या साध्या तिकिटावर.

त्रिचीच्या विमानतळावर मामांची लगबग बघण्यासारखी होती. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन तिथल्या ड्यूटी मॅनेजरला त्यांनी गळ घातली होती, की नुसतं 'प्लॅटिनम सदस्य' म्हणू नका, नाव घ्या. मॅनेजर मामांना वर्षानुवर्षं ओळखत होता, तयार झाला. मामी नवी रेशमी साडी नेसली होती, डोक्यात मोगरा. मला माझी जागा ठाऊक होती. मी मुकाट्यानं रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे सिंगापुरात कामाला जाणारी माणसं, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, लोणच्याच्या बरण्या गुंडाळलेली गाठोडी, असं सगळं गाव होतं.

माईक खरखरला आणि आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये नाव आलं. "प्लॅटिनम सदस्या, श्रीमती कावेरीबाई." सगळे वळून बघायला लागले. मामी उठली. मामा मुद्दाम दोन पावलं मागे राहिले, म्हणजे ती एकटी पुढे दिसावी. गणवेशातल्या मुलीनं मामीचा पास यंत्राला लावला, यंत्र वाजलं, मुलगी हसून म्हणाली, "वेलकम, मॅडम." मामीनं तिला नमस्कार केला. पास दोन्ही हातांनी घेऊन डोळ्यांना लावला. इतक्या लांबूनही मला मामांचा चेहरा दिसत होता. देवाच्या मूर्तीला घाम फुटलेला बघितल्यासारखे ते तिच्याकडे बघत होते.

आणि मामी मागे फिरली.

विमानाच्या दाराकडे न जाता ती सरळ रांगेच्या कडेकडेनं उलट चालत यायला लागली. "अम्मा! उळ्ळे पोंगो, अम्मा!" ती मुलगी ओरडत होती, आत जा, आत जा म्हणून. मॅनेजर धावला. मामी त्याला तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, मला मिळालं बाबा, आता सगळ्यांना आत जाऊ दे. शंभर-दीडशे माणसं तिच्याकडे बघत होती आणि ती कोणाकडेही न बघता चालत येऊन माझ्या मागे उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, ती गोंधळली. मग मठाची रीत आठवली. इतक्या वर्षांनी मान मिळाला होता, आणि मान घेतलेल्यानं काय करायचं हे तिला पाठ होतं.

मामा धापा टाकत आले. "अगे, हा मठ नव्हे! विमान अहे हें! येथें पुढें बोलावलें तर पुढें जायाचें असतें."

"मान घेतला तर मागें उभारावें," मामी म्हणाली. "तुमच्याच घरची रीत. तुमच्या आईनें शिकवली."

"इतकीं वर्षें मी ह्या एका हाकेसाठीं..." मामा माईककडे हात करून म्हणाले.

मामीनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "हाकेसाठीं? मज हाकेचें काय? त्या दिवशीं मागें जा म्हणाले, मी मागें आलें. येऊन बघतें तर तुम्ही नाहींत. मान गेला तें तुम्हांस सकाळींच ठाऊक होतें, मज सांगितलें नाहीं. आणि मागच्या दारानें तुम्ही निघून गेलांत. अस्के बघत होते आणि मी एकटी तबक धरून उभी." अस्के म्हणजे सगळे. मग ती म्हणाली, "तुम्ही येऊन शेजारीं उभे राहतां, तर मज दुसरें कांहीं नको होतें."

मी पुढे तोंड करून उभी होते, तरी सगळं ऐकू येत होतं. आईला हे माहीत नव्हतं, घरात कोणालाच माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं. पण जिथे दुखत होतं ती जागा सोडून ते भलतीकडेच मलम लावत राहिले होते, पृथ्वीला फेऱ्या मारून मारून. मी हळूच मागे बघितलं. मामांचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मग त्यांनी खांद्यावरची ती भाजीची कापडी पिशवी खाली ठेवली आणि मामीच्या शेजारी उभे राहिले. मॅनेजर दोनदा येऊन विनवून गेला. मामांनी त्याला हातानंच 'राहू दे' असं केलं. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. एका बाईचं बाळ मामांचा बिल्ला ओढत होतं. त्यांनी तो सोडवून त्याच्या हातात दिला. सगळ्यांत शेवटी आम्ही तिघं आत गेलो. विमान सुटायला थोडा उशीर झाला, आणि मला वाटतं त्याला आम्हीच कारण असू.

पुढच्या डिसेंबरात मामा कुठेच गेले नाहीत. मीच पुण्याहून फोन केला, "मामा, एखादी चक्कर कमी पडत असेल, बघा. कार्ड जाईल." ते म्हणाले, "जाऊं दे गे. प्लॅटिनम गेलें, गोल्डही जाईल. मज अतां येथें काम अहे." काम म्हणजे उत्सवाचं. त्या वर्षी मामी मठात गेली. मान थोरल्या घराचाच होता, त्यांचंच नाव पुकारलं गेलं. मामा-मामी प्रसादाच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे होते, खांद्याला खांदा लावून, आणि मामा पुढच्याच्या कानात कोण सिल्व्हर नि कोण बेसिक ते सांगत होते म्हणे.

गेल्या वर्षी मामा गेले. दुपारचं जेवण झालं, ओसरीवरच्या खुर्चीत डोळा लागला, तो लागलाच. कोणाला त्रास नाही, धावपळ नाही. असा माणूस असा गुपचूप कसा गेला याचाच मला अजून धक्का आहे. निदान नाव पुकारायला तरी लावायचं.

यंदाच्या उत्सवाला मी मुद्दाम आले. भजन संपलं. ज्या काकांनी 'मागें जा' म्हटलं होतं, त्यांचा मुलगा आता थोरल्या घरचा कर्ता आहे. तो उठून पुकारणाऱ्याच्या कानाला लागला. आणि नाव आलं, "कावेरीबाई." मठात कुजबुज उठली. नवरा गेलेल्या बाईला पहिला हार आमच्याकडे आजवर कोणी दिलेला नाही. मामी उठली, पुढे गेली, हार घेतला, तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं. मग वळली आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे चालत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

ती एकटी दिसली तसा माझा जीव राहीना. मी लगबगीनं जाऊन तिच्या उजव्या हाताला उभी राहिले. तिनं माझा दंड धरला आणि मला तिच्या डाव्या बाजूला घेतलं.

"तेथें नको," ती म्हणाली. "ती त्यांची जागा."

मी डाव्या बाजूला उभी राहिले. रांग हळूहळू पुढे सरकत होती, आणि आम्ही दोघी तिघांची जागा धरून शेवटी उभ्या होतो.